साइड स्टँडवरची इटालियन

मनोहर गेल्याची बातमी मला वर्गात कळली. दहावीच्या मुलांना मी एका साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणं लिहून देत होतो. ती नेहमी सहा असतात. चौथ्या कारणावर शिपाई चिठ्ठी घेऊन आला... 'इतवारीचे मनोहरभाऊ सकाळी गेले, चार वाजता घाटावर.' मी चिठ्ठी खिशात घातली आणि उरलेली दोन कारणं सांगून तास पुरा केला. मुलांची चाचणी परीक्षा जवळ आली होती आणि मनोहरला आता कसलीच घाई नव्हती. हे त्याला कळलं असतं तर आवडलं असतं. हळहळ व्यक्त करण्याच्या बाबतीत तोही असाच काटकसरी होता.

तेरवी झाल्यावर इतवारीतल्या भांडेवाल्यांनी शोकसभा घेतली. जिवंतपणी ज्या माणसाला चहा पाजताना हात आखडतो, त्याच्या फोटोला हार घालताना तो सैल सुटतो, हे अशा सभांना गेलं की पुन्हा पुन्हा पटतं. पाच वक्ते होते. पहिल्याने मनोहरला दानशूर ठरवलं. दुसऱ्याने त्याला सचोटीचा व्यापारी म्हटलं, आणि ते मात्र खरं होतं. तिसरा बोलण्याच्या भरात म्हणाला की मनोहरभाऊ म्हणजे मूर्तिमंत पितृभक्ती. माझ्या मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. मग आणखी एक जण खोकला. वक्त्याने पाण्याचा घोट घेतला आणि गाडी घाईघाईने समाजसेवेकडे वळवली. त्या खोकल्याचा अर्थ सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होता. तो कुठून आला हे मात्र एकट्या मलाच ठाऊक होतं, आणि मी पहिल्या रांगेत, दिवंगताचा बालमित्र म्हणून बसलो होतो.

आम्ही दोघं महालातल्या एकाच शाळेत शिकलो. मी पुढे त्याच शाळेत मास्तर झालो आणि तो बापाच्या दुकानात बसला. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं ते दुकान त्याच्या आजोबांपासूनचं. वडिलांना सगळी इतवारी बाबूजी म्हणे. बाबूजी वजनकाट्यासारखे होते... सरळ, थंड आणि एकदा दाखवलं ते वजन न बदलणारे. मनोहर थोरला, म्हणून गादीवर त्याचा हक्क. धाकटा भाऊ मागच्या गोदामात. मनोहर दिसायला देखणा, बोलायला तोंडाळ आणि आपण इतवारीत चुकून जन्मलो अशी त्याची पक्की समजूत. ही समजूत बाळगणारे पुष्कळ असतात. मनोहरला तिच्यासाठी एक वाहन मिळालं.

आणीबाणीच्या पाचेक वर्षं आधीची गोष्ट. खापरखेड्याच्या बाजूला यंत्रं बसवायला एक इटालियन इंजिनिअर आला होता. येताना त्याने आपली मोटारसायकल जहाजातून आणवली होती. काम संपल्यावर तो घरी न्यायला तांब्याची भांडी घ्यायची म्हणून दुकानात आला आणि मनोहरने भांड्यांऐवजी बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. दोघांनाही धड इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे सौदा लवकर जमला. काही रोख आणि दोन पेटारे भरून घंगाळं, गुंड, हंडे. त्यात आजोबांच्या हाताची, विकायची नाहीत म्हणून वर टांगलेली दोन घंगाळंही गेली. परवानग्या, कागद, शिक्के यांत वर्ष गेलं आणि गाडी एकदाची मनोहरच्या नावावर झाली. बाबूजींनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घंगाळात पाणी तरी तापत होतं." त्यावर ते पुन्हा काही बोलले नाहीत. नंतर चार वर्षं ती गाडी त्यांच्या दृष्टीने दुकानासमोर बसलेली एक परकी म्हैस होती.

गाडी मात्र होती तशी खरी. लाल, लांब आणि टाकीच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर बाहेर आलेलं, जणू कमरेवर हात ठेवून उभी आहे. तिला साखळी नव्हती, मोटारीसारखा दांडा होता. उभ्या उभ्या मूठ पिळली की सगळी गाडी उजवीकडे झुकायची, बसलेल्याला ढोपराने ढोसावं तशी. नवखा माणूस घाबरून मूठ सोडी. इतवारीच्या गल्लीत हातगाड्या आणि टेम्पोंच्या मधून ती घुरघुरत, तापत, बंद पडत चाले. पण शहर संपून कामठीचा रस्ता लागला की तिचा सगळा थरकाप एकाएकी थांबायचा आणि वाटायचं, आपण गाडीवर बसलेलो नाही, रस्ताच कोणीतरी खालून ओढून घेतो आहे. मी रविवारी मागे बसत असे, म्हणून सांगू शकतो. कन्हानच्या पुलापर्यंत जायचं, पुलावर थांबायचं, मनोहरने हातमोजे काढून, पुन्हा घालून दाखवायचे आणि परत यायचं. मे महिन्यातसुद्धा तो हातमोजे घाली. मागे बसणाऱ्याने बोलायचं नाही, हलायचं नाही आणि उतरताना सीटला बूट लागू द्यायचा नाही, असे नियम होते. त्याची बायको, सुमनवहिनी, चार वर्षांत एकदाच त्या गाडीवर बसल्या, भाचीच्या लग्नाला जाताना. बांगड्यांनी रंग खरवडतो म्हणून त्याने त्यांना हातातल्या बांगड्या काढून पिशवीत ठेवायला लावल्या. हिरव्या बांगड्यांशिवाय त्या लग्नघरी उतरल्या तेव्हा दारातल्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मनोहर तेव्हा रुमालाने आरसा पुसत होता.

गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा सर्वांत मोठा नियम. त्याला कारणही होतं. त्या गाडीला दोन खोडी होत्या. एक म्हणजे साइड स्टँड. आपल्याकडच्या गाड्यांचा पाय खाली केला की खालीच राहतो. हिचा पाय स्प्रिंगचा. गाडीचा भार त्यावर असेल तोवरच तो खाली. कोणी गाडी जरा सरळ केली की टाळी वाजल्यासारखा आवाज करून तो आपोआप वर जाई आणि सव्वादोनशे किलोची गाडी जिकडे मन होईल तिकडे पडे. म्हणून मनोहर तिला नेहमी सेंटर स्टँडवर चढवी, दोन्ही हातांनी, दात खाऊन. दुसरी खोडी पेट्रोलची. टाकीखाली दोन नळ, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि उतरल्यावर दोन्ही बंद करायचे. "उतरला का दोन नळ, मंग सेंटर स्टँड, मंग बाकी दुनिया," असं तो म्हणे. मला हे तोंडपाठ होतं. इतिहासाच्या मास्तरला पाठ असलेल्या गोष्टींचा प्रत्यक्षात किती उपयोग होतो, ते आता सांगायचं आहे.

आणीबाणी लागली त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला ज्याचं जे हत्यार त्याची पूजा होते. भांडेवाल्याचा वजनकाटा, हातोडा, ऐरण, आणि दारात असेल ते वाहन. चार वर्षं बाबूजींनी वजनकाट्याची पूजा केली होती आणि गाडीला वगळलं होतं. त्या वर्षी काय झालं कोण जाणे, त्यांनी आदल्या दिवशी पंचवीस माणसांसमोर जाहीर केलं की उद्या फटफटीलाही हार घालीन. मनोहरच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी त्या दिवशी पाहिलं, तेवढंच. गाडी सदरमध्ये मिस्त्रीकडे धुवायला होती. सकाळी मनोहर सोवळं नेसून गुरुजींसमोर बसलेला, उठता येईना. गाडी आणणार कोण? चार वर्षं मी मागत होतो. त्याने कमरेची किल्ली काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सीधा येजो, मास्तर. मुहूर्त साडेदहाचा आहे."

सदरहून इतवारी पंधरा मिनिटं. पण सदरहून कामठीचा रस्ताही निघतो... मी सीधा गेलो नाही. त्या सकाळबद्दल फार लिहिणार नाही, कारण ती फार सुंदर होती आणि तिची किंमत दुसऱ्यांनी दिली. दोन्ही बाजूंना पिवळी फुलपाखरं उडत होती, छावणी मागे पडली, गाडीचा थरकाप थांबला आणि चाळिशीला आलेला एक मास्तर कन्हानच्या पुलावर मोठ्याने हसला. तिथे ऐकायला कोणी नव्हतं. परत फिरलो तेव्हा दहा वाजून गेले होते.

दुकानासमोर पोचलो तेव्हा सगळे उभे होते. बाबूजी हातात ताट घेऊन, ताटात निरांजन पेटलेलं, गुरुजी घड्याळाकडे पाहणारे. "झाले का फटफटीवर बसून फोटो काढून?" असं कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मला घाम फुटला होता. सेंटर स्टँडवर चढवायला गेलो तर गाडी हलेना, आणि लोक पुन्हा हसतील म्हणून मी ती साइड स्टँडवर सोडली आणि बाजूला झालो. नळ राहिले ते राहिलेच. मनोहर पाटावरून उठत होता, त्याने ते पाहिलं नाही. बाबूजी उजव्या बाजूला गेले. टाकीला कुंकू लावलं. मग ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने हँडलला हार घालू लागले. हार अडकला. त्यांनी हँडल जरासं आपल्याकडे ओढलं... टाळी वाजल्यासारखा आवाज झाला.

गाडी त्यांच्या पायावर पडली. उजवं सिलिंडर पोटरीवर. ते नुसतं जड नव्हतं, तापलेलंही होतं. ताट उडालं, निरांजन फरशीवर गेलं आणि तसंच जळत राहिलं, हातभर अंतरावर. बाबूजी ओरडले. आणि पंचवीस माणसांनी पाहिलं की मनोहर धावत आला, बापावरून वाकला, आणि त्याचा हात बापाकडे गेला नाही. टाकीकडे गेला. आधी डावीकडे, मग पलीकडे वाकून उजवीकडे. मग त्याने गाडी उचलली. त्याच वेळी सुमनवहिनींनी दुकानातला एक पितळी गंज, रुंद तोंडाचं पातेलं, ओढून निरांजनावर पालथा घातला. हे सगळं शिंकेला लागतो तेवढ्या वेळात झालं. आडव्या पडलेल्या गाडीतून पेट्रोल वाहत होतं, नळ उघडे होते, शेजारी दिवा होता आणि मागे लाकडी फळ्यांचं दुकान. नवऱ्याने नळ बंद केले, बायकोने दिवा झाकला. त्या गल्लीला आग लागली नाही. न लागलेली आग कोणाला दिसत नाही. लोकांना दिसलं ते एवढंच की बाप ओरडतो आहे आणि पोरगा टाकी चाचपतो आहे.

मला कळलं होतं. टाकीखाली नळ आहेत हे तिथे मनोहर, वहिनी आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं. ते उघडे कोणी ठेवले हे मला ठाऊक होतं. बाबूजींना टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि मी संध्याकाळी सोनं वाटायला म्हणून चौकातल्या पानठेल्यावर गेलो. सगळे तेच बोलत होते आणि मला विचारत होते, कारण मी तिथे होतो आणि मला बोलता येतं असा माझा लौकिक होता. गाडी स्टँडवर कोणी लावली, हा प्रश्न आता येईल, असं वाटत होतं. तो येऊ नये म्हणून मी बोललो. म्हणालो, "काय सांगू... मनोहरने आधी टाकीला विचारलं, बाई, तुले लागलं तर नाही?"

पानठेला हसला. आठवड्यात इतवारी हसत होती. माझ्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत गाजलेलं वाक्य ते. कोणाचं पोर सायकलवरून पडलं की लोक म्हणत, "आधी टाकी पाहा गा." मनोहर दुकान उघडायला आला की समोरचा भांडेवाला विचारी, "टाकीची तब्येत कशी आहे?" वहिनींनाही सोडलं नाही. बायकोला दिवा प्यारा, नवऱ्याला टाकी, म्हाताऱ्याला कोण, असं म्हणत. मी ते कधी थांबवलं नाही. चांगलं वाक्य एकदा सुटलं की बोलणाऱ्याचं राहत नाही, अशी मी माझी समजूत घालत होतो. मास्तरांकडे अशा समजुतींचा साठा मोठा असतो.

बाबूजींचा पाय वाकडाच जुळला. पुढची चार वर्षं ते काठी घेऊन चालले आणि थोरल्या मुलाशी एक शब्द बोलले नाहीत. गादीवर धाकट्याला बसवलं. मनोहर गोदामात गेला. वहिनींनी सासऱ्याला नळांबद्दल एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तू त्याची बायको आहे वं, तू हेच म्हणशील." साक्षीदार दुसरा होता, आणि तो दर रविवारी त्यांची विचारपूस करायला जाई. बाबूजी मला आग्रहाने चिवडा देत. "पोरगा असावा तर तुह्यासारखा," असं एकदा म्हणाले. मी चिवडा खाल्ला.

ते गेले तेव्हा त्यांनी सांगून ठेवलेलं निघालं की अग्नी धाकट्याने द्यायचा. घाटावर धाकट्याच्या खांद्यावर मडकं, आणि मनोहर, थोरला, लोकांच्या घोळक्यात, हात जोडून, मामाच्या गावचा पाहुणा असावा तसा. मी त्याच्या शेजारी होतो. चिता पेटायला वेळ होता. अजूनही चार पावलं पुढे जाऊन धाकट्याच्या कानात सांगता आलं असतं. मी मनोहरच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो हळूच काढून बाजूला केला, सीटवरची धूळ झटकावी तसा.

त्यानंतर त्याने गाडी चालवली नाही. विकलीही नाही. गोदामात सेंटर स्टँडवर उभी असे आणि रोज सकाळी तो ती पुसत असे. माझ्याशी तो बोलत राहिला, पण हवापाण्याचं. मी ते वैराग्य समजलो.

या पावसाळ्याआधी त्याच्या किडन्या गेल्याचं कळलं. सुजलेलं तोंड घेऊन तो पलंगावर बसलेला असे. वहिनी आत गेल्यावर मी एका दुपारी सांगायला बसलो. प्रस्तावना लांबली. त्याने हात वर केला. "साइड स्टँडवर तू लावली. नळ तू ठेवले उघडे. कन्हानले गेला होता."

त्याने कसं ओळखलं हे मी विचारलं नाही, तोच सांगू लागला. नळ बंद करताना त्याचा हात सिलिंडरला भाजला होता, आणि तिथे, सिलिंडर थंड राहावं म्हणून असलेल्या पट्ट्यांत, एक पिवळं फुलपाखरू चिकटलेलं होतं. "सदर ते इतवारी, फुलपाखरू कुठून येते गा, मास्तर?"

"मग बोलला काहून नाही?" माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

"बाबूजीनं इचारलं असतं तर सांगतलं असतं. त्यायनं इचारलंच नाही. मानून घेतलं." मग तो माझ्याकडे वळला आणि पहिल्यांदाच हसला. "आन तुले काहून नाही म्हटलं, सांगू? मले पाहाचं होतं, तू किती दिवस गप राहतं ते. बाबूजी गेले, मले वाटलं आता बोलतं. घाटावर वाट पाहून राहिलो होतो मी तुही. बारा साल झाले बाप्पा. बहुत पक्का निघाला तू."

वहिनी चहा घेऊन आल्या. आम्ही दोघांनी चहा घेतला. तो महिन्याभरात गेला.

शोकसभेनंतर चार दिवसांनी दुकानाचे दोन हमाल गाडी ढकलत माझ्या अंगणात घेऊन आले. मागून रिक्षातून सुमनवहिनी. गाडी मास्तरला द्यायची असं तो सांगून गेला होता. हमाल ती सेंटर स्टँडवर चढवायला लागले तेव्हा वहिनींनी त्यांना थांबवलं. "सेंटरवर नका लावू. साइड स्टँडवरच ठेवजा, मास्तरले त्याचीच सवय आहे, असं म्हणाले होते." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मले तर काई समजलं नाही, भाऊजी. तुमाले समजत असन."

मी समजलं म्हणालो. बाकीचं तेव्हा बोललो नाही. म्हणून हे वर्तमानपत्रासाठी लिहिलं. वहिनी रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचतात, शब्दकोडंसुद्धा सोडवतात. पितृभक्त म्हणणाऱ्या त्या वक्त्याच्या बोलण्यावर जे खोकले, तेही वाचत असतील. त्यांना एवढंच सांगायचं आहे की वक्ता चुकून खरं बोलला होता.

गाडी अंगणात डाव्या अंगावर झुकून उभी आहे. मी एकट्याने तिला सेंटर स्टँडवर चढवून पाहिलं, जमत नाही. दोन माणसं बोलावली तर दोन मिनिटांचं काम आहे. अजून बोलावलेली नाहीत. टाकीत थेंबभर पेट्रोल नाही, तरी रोज शाळेतून आलो की खाली हात घालून दोन्ही नळ पाहतो. शेजारची मुलं कुंपणाशी आली की ओरडतो. परवा बायकोने विचारलं, दसरा आला, हिची पूजा करायची का... मी म्हटलं, करू. ताट कोण धरणार, हार कोण घालणार, तिला नीट ठरवून हवं होतं. ताट तू धर, लांब उभी राहा, असं मी तिला सांगितलं. हार मी घालीन, उजव्या बाजूने.